वाट सरावी म्हणून

गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान नावाची नगरी होती. आजचे पैठण ते हेच. तेथला राजा त्रिविक्रमसेन, ज्याला आपण पुढे नुसता विक्रम म्हणू लागलो, एका भिक्षूला दिलेल्या शब्दाखातर रात्री स्मशानात गेला, शिसवीच्या झाडाला लोंबणारे प्रेत त्याने खांद्यावर घेतले आणि मुकाट्याने चालू लागला. प्रेतात वेताळ शिरलेला होता. तो म्हणाला, राजा, वाट लांबची आहे, तेव्हा करमणुकीसाठी एक गोष्ट सांगतो. पुढचे आपल्या घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. गोष्टीच्या शेवटी कोडे. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकले, आणि बोलला तर वेताळ परत झाडावर. पुन्हा तीच वाट, पुन्हा तेच ओझे, पुन्हा नवी गोष्ट.

काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात ही कथामाला आहे; एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली. पंडितांनी तिच्यात नीती शोधली, राजधर्म शोधला. माझे लक्ष मात्र दरवेळी त्या वाटेकडे जाते. रोज त्याच रस्त्याने, खांद्यावर तेच ओझे घेऊन, तोंड मिटून जाणारा माणूस, आणि कानाशी गोष्ट सांगणारा एक अदृश्य आवाज! आज सकाळी कर्जतहून किंवा विरारहून निघालेल्या गाडीत, कानात बोंडे घालून, पाठीवरची पिशवी पोटाशी धरून उभ्या असलेल्या चाकरमान्याकडे पाहा. राजा तोच आहे. फक्त वेताळ पाव तळहाताएवढा झाला आहे. त्याला आता पॉडकास्ट म्हणतात.

ही गंमत म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. माणसाच्या आयुष्यातले रोजचे दोन-तीन तास जेव्हा वाटेत जातात, तेव्हा ते तास कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. मालक त्यांचा पगार देत नाही, घरच्यांना ते मिळत नाहीत, आणि गर्दीत हात बांधलेले असल्यामुळे ते आपल्याही कामी येत नाहीत. शिल्लक उरतो तो कान. या कानात कोणी काय घालावे आणि ते कोणी ठरवावे, याचा एक चांगला लांबलचक इतिहास आहे.

वाटेवरच्या कथनाची परंपरा जगभर आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसर याने कँटरबरीच्या यात्रेकरूंकडून गोष्टी सांगविल्या. प्रत्येकाने जाताना दोन आणि येताना दोन सांगायच्या, उत्तम गोष्ट सांगणाऱ्यास सर्वांच्या खर्चाने जेवण, असा करार. बेत शंभराहून अधिक गोष्टींचा होता, हाती आल्या चोवीस. (दिवाळी अंकांच्या संपादकांना ही व्यथा वेगळी सांगायला नको.) पण चॉसरचे यात्रेकरू कल्पनेतले. आपल्याकडे आषाढीच्या वाटेवर खरेखुरे लक्षावधी लोक आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात, आणि त्यांची वाट शब्दांवरच सरते. ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजची शिस्तशीर घडी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिली. दिंडीत वाटेल तो अभंग वाटेल तेव्हा म्हणत नाहीत. कोणत्या वेळी, कोणत्या वारी काय म्हणायचे याची मालिका ठरलेली असते. काकडा पहाटे, हरिपाठ सायंकाळी. म्हणजे ‘मालिका’ हा शब्द आकाशवाणीने आपल्याला शिकवला, असे समजण्याचे कारण नाही. आणि येथे ऐकणारा व म्हणणारा निराळा नसतो. पुढच्या टाळकऱ्याने चरण उचलला की मागच्या म्हातारीच्या तोंडी तो आधीच आलेला असतो.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांची गाडी गेली, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. पण त्या दिवशी गाडीत बसले होते ते निमंत्रित पाहुणे. कचेरी गाठायची घाई त्यांच्यापैकी कोणाला नव्हती. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १८६७ हे आहे. त्या वर्षीच्या एप्रिलात विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत उपनगरी गाडी सुरू झाली. माणूस एका गावात झोपू लागला आणि दुसऱ्या गावात राबू लागला, या घटनेचा जन्म तेथला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि पुढे गावे एकामागून एक मुंबईच्या दोरीत ओवली गेली. आज कर्जत शंभर किलोमीटरवर आहे, कसारा त्याहून लांब. आणि तेथून रोज येऊन जाणारी माणसे आहेत.

प्रारंभी या प्रवाशांचा सोबती वर्तमानपत्र होते. घडीची घडी करून एका स्तंभाएवढा कागद नाकासमोर धरायचा, ही मुंबईकरांची स्वतंत्र कला. परंतु गर्दी वाढली तसा तेवढाही कागद उघडण्याइतका अवकाश उरला नाही. डोळे निकामी झाले, तेव्हा कान पुढे आले. लोकलच्या भजनी मंडळींचे मर्म येथे आहे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली जागा. पिशवीतून टाळ निघतात, कोणी ढोलकी आणतो, कोणी डब्याच्या पत्र्यावरच ठेका धरतो, आणि कल्याण यायच्या आत गजर रंगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूच्या माळा चढतात, बायकांच्या डब्यात हळदीकुंकू होते. वारीची पालखी रुळांवर चढली, असे याचे कौतुक पुष्कळांनी केले आहे आणि ते रास्तही आहे. पण इतिहास लिहिताना दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. त्या डब्यात रात्रपाळी करून निघालेला एखादा असतो, डोके दुखणारा एखादा असतो, वेगळ्या देवाचा किंवा देवच न मानणारा एखादा असतो. त्याच्या कानांना कोणी विचारलेले नसते. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. सामुदायिक श्रवणाच्या गोडव्यात ही एवढी कडू पूड सतत मिसळलेली आहे.

कानांना विचारायचे कसे, हे ज्यांनी दाखवून दिले ते लोक आपल्यापासून फार दूरचे, क्यूबा बेटावरचे विड्या वळणारे. तेथल्या सिगारच्या कारखान्यांत शेकडो कामगार रांगेने बसून दिवसभर तंबाखूची पाने वळीत. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान रिकामे. १८६५ साली हवाना शहरातल्या ‘एल फिगारो’ कारखान्यात एक वाचक नेमण्यात आला. तो उंच मंचकावर बसून मोठ्याने वाची आणि कामगार वळता वळता ऐकत. मौज अशी की त्याचा मेहनताना मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढीत, आणि वाचायचे काय तेही तेच ठरवीत. सकाळी वर्तमानपत्रे, पुढे कादंबऱ्या. ड्यूमाची ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ ही कादंबरी त्यांची इतकी आवडती होती, की १९३५ मध्ये निघालेल्या प्रसिद्ध सिगारचे ‘मॉन्टेक्रिस्टो’ हे नाव तिच्यावरूनच पडले, असे सांगतात. पण ऐकणारे लोक विचार करू लागतात, हे स्पॅनिश सत्तेच्या लवकरच ध्यानात आले आणि १८६६ मध्येच या वाचनावर बंदी आली. बंदी उठली, पुन्हा आली, पुन्हा उठली. अमेरिकेत फ्लॉरिडातल्या टँपा गावी गेलेल्या क्यूबन कामगारांनी तीच प्रथा तेथे नेली. तेथे १९३१ मध्ये संप झाला, मालकांनी वाचकांचे मंचक काढून टाकले, आणि त्यांच्या जागी रेडिओ आणून ठेवले.

मला या घटनेत एका युगाचा सांधा दिसतो. वाचक कामगारांनी निवडलेला होता. रेडिओचे बटण मालकाच्या हाती होते. यंत्र नवे, आवाज मोठा, पण निवड गेली.

आपल्याकडे रेडिओने ती निवड एका उदार, परंतु करड्या आजोबांप्रमाणे आपल्या हाती ठेवली. त्यांनी दिलेले उत्तम होते यात वाद नाही. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे स्वर, आणि आठवड्याला एक नवे गीत. वर्षाची बावन्न व्हायची ती छप्पन्न झाली, कारण त्या वर्षी अधिक मास आला! पंचांगाने आकाशवाणीला चार गाणी जास्त घ्यायला लावली, असे उदाहरण दुसऱ्या कुठल्या देशात सापडणार नाही. लोक रेडिओला हार घालून, घरादारासह समोर बसत. परंतु बसत, हा शब्द महत्त्वाचा आहे. ठरल्या वेळी घरी असेल त्यालाच ते लाभे. रात्रपाळीचा गिरणीकामगार, पहाटेच्या गाडीचा कारकून, यांच्यासाठी वेळ थांबत नसे. १९५४ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा पहिला खिशातला रेडिओ विक्रीस आला आणि पुढे आपल्याही खांद्यावर ट्रान्झिस्टर लटकू लागला, तेव्हा आवाज घराबाहेर पडला खरा. कार्यक्रमाची वेळ मात्र दिल्ली-मुंबईचीच राहिली. शिवाय पोस्टातून रेडिओचा परवाना काढावा लागे, तो निराळाच.

हव्या त्या वेळी, हवे ते पुस्तक ऐकण्याची सोय प्रथम झाली ती अंधांसाठी. पहिल्या महायुद्धात इंग्लंडचे पुष्कळ सैनिक आंधळे होऊन परतले होते. वय वाढलेल्या माणसाला बोटांनी ब्रेल वाचणे सहज जमत नाही. इयान फ्रेझर हा स्वतः युद्धात दृष्टी गमावलेला गृहस्थ या खटपटीत पुढे होता. नोव्हेंबर १९३५ मध्ये बोलकी पुस्तके निघाली; पहिल्या दोहोंपैकी एक अगाथा ख्रिस्तीची रहस्यकथा आणि दुसरी कॉनरॅडची ‘टायफून’. तबकडी मुद्दाम सावकाश फिरे, एका बाजूला सुमारे पंचवीस मिनिटे मावत, आणि एका कादंबरीला दहाएक तबकड्या लागत. खुनी कोण, हे कळायच्या आत वाचकाला किती वेळा उठून तबकडी उलटावी लागली असेल!

डोळस माणसालाही अशीच सोय हवी, हे सुचले ते एका कंटाळलेल्या प्रवाशाला. ड्युव्हॉल हेक्ट हा अमेरिकन वल्हेकरी. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने जोडीदारासह सुवर्णपदक मिळविले होते. पुढे तो भागभांडवलाच्या धंद्यात शिरला आणि न्यूपोर्ट बीच ते लॉस एंजेलिस असा रोज मोटारीने जाऊ-येऊ लागला. ऑलिंपिकचे सुवर्णपदक गळ्यात घालून घेतलेला माणूसही वाहनांच्या रांगेत आपल्याइतकाच असहाय असतो. रेडिओवरची तीच गाणी, त्याच बातम्या ऐकून तो वैतागला. पूर्ण पुस्तक वाचलेली फीत विकत मिळेना. तेव्हा १९७५ साली त्याने स्वतःच ‘बुक्स ऑन टेप’ ही संस्था काढली: संपूर्ण पुस्तक, काटछाट नाही, कॅसेटींवर, टपालाने भाड्याने. आपल्या गल्लीतल्या फिरत्या वाचनालयासारखाच धंदा, फक्त पुस्तकाला जीभ फुटलेली. २००१ मध्ये त्याने ती संस्था रँडम हाउसला विकली. आणि मग या गृहस्थाने काय करावे? मालवाहू ट्रक चालविण्याचा परवाना काढला, आणि पुस्तके ऐकत देशभर ट्रक हाकला. २०२२ मध्ये तो वारला. ज्याला वाटेचा कंटाळा आला म्हणून एवढा उपद्व्याप केला, त्याने शेवटी आणखी लांबची वाट मागून घेतली.

त्याच सुमारास जपानमध्ये कानाच्या इतिहासाला दुसरे वळण लागले. सोनी कंपनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी बाजारात आला. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात याची हकिकत दिली आहे. नमुन्याचे यंत्र त्यांनी घरी नेले आणि कानाला लावून बसले, तर पत्नी रागावली. आपल्याला बाहेर ठेवून दार लावून घेतल्यासारखे तिला वाटले. एकट्यानेच ऐकणे हा असभ्यपणा होईल, या भीतीने मोरितांनी यंत्राला दोन श्रोत्यांसाठी दोन खाचा ठेवविल्या, आणि दोघांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक नारिंगी बटण. पण लोकांनी यंत्र घेतले ते स्वतःपुरते. ते कोणाला वाटून घ्यायचेच नव्हते. पुढच्या काळात ते बटण गेले, आणि ती दुसरी खाचही गेली. त्या गृहिणीचा राग मला फार समंजस वाटतो. भजनी डब्यात नको असलेला आवाज कानात शिरत होता. आता हवा असलेला माणूसही कानाबाहेर राहू लागला.

यानंतरची कथा वेगाने घडते, म्हणून वेगानेच सांगतो. २००० साल संपता संपता डेव्ह वायनर या संगणकतज्ज्ञाने एक साधी युक्ती काढली. संकेतस्थळावरचे नवे लेखन वर्गणीदाराकडे आपोआप पोहोचविणारी आरएसएस नावाची पद्धत होतीच. तिच्यात त्याने ध्वनीची फीत जोडण्याची सोय केली. अंकासोबत पुरवणी यावी तसे. २००४ मध्ये अ‍ॅडम करी या जुन्या दूरदर्शन-निवेदकाने ती पुरवणी थेट आयपॉडमध्ये उतरविण्याची व्यवस्था रुळविली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘गार्डियन’ वृत्तपत्रात बेन हॅमर्सलीने या प्रकाराला काय म्हणावे म्हणून दोन-तीन नावे सहज सुचविली. त्यांतले ‘पॉडकास्टिंग’ चिकटले. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आपल्या दुकानात असे तीन हजार कार्यक्रम मांडले. येथे ना परवाना होता, ना मालक. घरात बसून कोणीही बोलावे, कोणीही ऐकावे, हवे तेव्हा ऐकावे. हवानाच्या कामगारांची निवड सुमारे एकशे चाळीस वर्षांनी परत आली.

तिचे पहिले सुफळ इतिहासाच्या शेतात आले, याचा मला पक्षपाती आनंद आहे. २००७ साली माइक डंकन नावाच्या, कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नसलेल्या तरुणाने रोमचा इतिहास सांगायला घेतला आणि २०१२ पर्यंत तो नेटाने सांगितला. पश्चिमेचे साम्राज्य बुडाले तेव्हाच तो थांबला. २०१० मध्ये ब्रिटिश म्युझियमचे नील मॅकग्रेगर यांनी बीबीसीवर शंभर वस्तूंतून जगाचा इतिहास सांगितला. प्रत्येक वस्तूला पंधरा मिनिटे. त्यांत सिंधू संस्कृतीची मुद्रा आहे, अशोकस्तंभाचा तुकडा आहे, कुमारगुप्ताची सुवर्णनाणी आहेत. डोळ्यांना दिसत नसलेली वस्तू शब्दांनी अशी उभी करणे, हे कीर्तनकाराचे काम आहे; आणि दादर ते ठाणे या अंतरात ते सहज बसते. मेल्विन ब्रॅग यांची ‘इन अवर टाइम’ ही चर्चा १९९८ पासून चालत आली. त्यांनी २०२५ मध्ये ती सोडली, तोवर हजाराहून अधिक भाग झाले होते. तीन विद्वान आणि त्यांना भरकटू न देणारा एक खमक्या यजमान, एवढेच भांडवल. आपल्या मुंबईत अमित वर्मा यांच्या ‘द सीन अँड द अनसीन’ या इंग्रजी मालिकेचा उलटा प्रवास झाला. २०१७ साली लहान लहान भागांनी सुरू झालेल्या गप्पा पुढे पाच-पाच, सहा-सहा तास चालू लागल्या. कसाऱ्याच्या प्रवाशासाठीच हा कार्यक्रम काढला असावा, अशी माझी शंका आहे.

सर्वांत गाजली ती २०१४ ची ‘सीरियल’. बाल्टिमोर शहरात १९९९ मध्ये एका शाळकरी मुलीचा खून झाला होता. सेरा कोनिगने तो खटला बारा भागांत पुन्हा उलगडला आणि जगभर लाखो लोक पुढच्या भागाची वाट पाहू लागले. शिक्षा झालेला तरुण पुढे २०२२ मध्ये सुटला, २०२३ मध्ये त्याचा दोष पुन्हा कायम झाला, आणि २०२५ मध्ये भोगलेली शिक्षा पुरेशी मानून न्यायालयाने त्याला मोकळे ठेवले. न्यायाची चाके त्या आवाजाने हलली, हे नाकारता येत नाही. पण मला ती ऐकताना वेताळ आठवत राहिला. आपण कोडे सोडवीत बसतो, आणि खांद्यावरचे प्रेत मात्र कोणाच्या तरी घरचे असते. त्या मुलीच्या घरच्यांना पुढचा भाग नको होता.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मालक नसलेले हे शेत मोकळे राहील, अशी आशा होती. परंतु २०१९ पासून स्पॉटिफायसारख्या कंपन्यांनी कार्यक्रम बनविणाऱ्या संस्थाच विकत घ्यायला सुरुवात केली, आणि आता पुढे काय ऐकायचे हे यंत्रच सुचविते. टँपाचा रेडिओ वेगळ्या रूपाने मंचकावर येऊन बसतो आहे काय, हे ऐकणाऱ्यांनी पाहायचे आहे.

मराठी कान या बाबतीत भाग्यवान म्हणावा लागेल. २०१६ नंतर मोबाइलवरची माहिती स्वस्त झाली. २०१७ साली स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी हिंदुस्थानात आली, ती इंग्रजी व हिंदीबरोबर मराठी घेऊनच. आज गप्पा, आरोग्य, पैसा, भुतेखेते, सगळे मराठीत ऐकायला मिळते. माझी हाव थोडी निराळी आहे. बखर हा शब्द ‘खबर’ वरून आला असे पुष्कळ मानतात, आणि बखरीचे वाक्य तर कानासाठीच घडविलेले आहे. ते डोळ्यांनी वाचताना अडखळते आणि मोठ्याने म्हणताच धावू लागते. भाऊसाहेबांची बखर एखाद्या जाणत्या आवाजाने, घाई न करता, संगीताचा गोंगाट न घालता वाचावी. आणि मग राजवाड्यांकडे वळावे. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या बावीस खंडांपैकी पहिला १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत. कोणी पैसे मागतो आहे, कोणी दाणावैरणीची काळजी करतो आहे, कोणी घरच्यांचे कुशल विचारतो आहे, आणि पुढे पानिपत आहे हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही. ही पत्रे कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखविण्यासाठीच लिहिली असावीत, असे वाटते. जासुदाने ती उत्तरेतून पुण्यापर्यंत पायी आणली. कसाऱ्याहून सकाळी निघालेल्या माणसाला त्यांतली पाच-सहा जाताना ऐकता येतील आणि पाच-सहा येताना.